पाच पौंडांची हौस

टेक्ससमध्ये लानो गावाच्या अलीकडे आमची ३८ एकर जमीन आहे. तिला ‘रँच’ म्हणायला मला अजून संकोच वाटतो. या भागात ३८ एकरांना रँच म्हणणं म्हणजे कोकणात अंगणातल्या दोन माडांना बागायत म्हणण्यासारखं आहे. गुलाबी ग्रॅनाइटचे खडक, मेस्किटची काटेरी झुडपं, थोडे ओक, भरपूर निवडुंग आणि पावसाळ्यापुरता वाहणारा एक ओहोळ. शेजाऱ्याच्या शेळ्या आमच्याकडे चरतात. त्यामुळे त्याचा चारा वाचतो आणि जमीन कागदोपत्री शेतीची राहून आमचा कर कमी होतो. आम्ही ऑस्टिनहून शनिवारी सकाळी येतो, रविवारी संध्याकाळी परततो. एकूण शेती म्हणावी तर एवढीच.

पहिल्याच हिवाळ्यात एका शनिवारी येऊन पाहतो तर ओहोळाकाठची पट्टी नांगरल्यासारखी उलथलेली. रानडुकरं. इथली डुकरं मुळात इथली नव्हेत. स्पॅनिश लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी आणलेली पाळीव डुकरं सुटली, मोकाट झाली. १९३०च्या दशकात शिकारीच्या हौसेने कुणी युरोपातली रानटी जात आणून सोडली, तिच्याशी त्यांचा संकर झाला. आता एकट्या टेक्ससमध्ये त्यांची संख्या वीस लाखांच्या वर धरतात. इतकी, की २०१९पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही.

मी घरी जाहीर केलं, “बंदूक घ्यायला लागणार.”

बायकोने एकच विचारलं, “गरज म्हणून की हौस म्हणून?”

“गरज,” मी म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही. म्हणजे तिला कळलं होतं.

माझ्या आजोबांकडे बंदूक होती ती मात्र खरोखर गरजेची. कुडाळच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची भाताची शेती. शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची एकनळी. नळीत दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी बार पेटवणारी टोपी बसवायची. एवढा सगळा सोहळा करून एक बार. तो वाया गेला की पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर डुक्कर दुसऱ्याच्या कुणग्यात पोचलेलं असायचं. आजोबा रात्री शेतातल्या मांगरात झोपायचे आणि चाहूल लागली की बहुतेक वेळा नळी आभाळाकडे करून बार काढायचे. मी एकदा विचारलं, नेम का धरत नाही? म्हणाले, “बार काढूचो तो डुकराक घालवूक, मारूक न्हय.” त्यात दया किती आणि दारूगोळ्याची काटकसर किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑस्टिनबाहेरच्या एका दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समोरची भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी होती. एआर-१५, म्हणजे चाप ओढला की एक बार आणि पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफली, एकाच घराण्यातल्या, दहा कंपन्यांच्या. शेळ्यांवाला शेजारी सत्तरीचा, कमी बोलणारा. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की डुकरांना तेच बरं. एक पडलं की बाकीचा कळप पळत सुटतो, भराभर बार काढता आले पाहिजेत. हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. पण आमच्यापासून तीनेक तासांवर उवाल्डे आहे. २४ मे २०२२ला तिथल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्या याच धाटणीच्या बंदुकीने. माझी लेक तेव्हा १२ वर्षांची होती. मी त्या भिंतीसमोर उभा राहून तर्क लढवू शकलो असतो की हत्यार निर्जीव असतं वगैरे. लढवला नाही. हात पुढे झाला नाही, एवढंच.

भिंतीच्या कोपऱ्यात, लाकडी दस्त्याच्या सहासात बंदुका होत्या. लीव्हर ॲक्शन. चापाभोवतीचं लोखंडी कडं हाच दांडा. तो खाली ओढला की नळीचं मागचं तोंड बंद करणारी लोखंडी खिट्टी मागे येते, रिकामं काडतूस बाहेर उडतं, घोडा चढतो, पुढचं काडतूस वर येतं. वर ओढला की ते नळीत बसतं आणि खिट्टी लॉक होते. हे सगळं हाताच्या एका हेलकाव्यात. काउबॉयच्या चित्रपटात पाहिलेलं असतं, पण रिकामी बंदूक हातात घेऊन तो खळ्ळ-खट्ट आवाज स्वतः काढला की वयाचं भान राहत नाही. मी तीन वेळा केलं. काउंटरवरचा माणूस सवयीने दुसरीकडे बघत राहिला.

यंत्र जुनं आहे. बेंजामिन टायलर हेन्री याने १८६०मध्ये पेटंट घेतलेल्या रायफलीत १६ काडतुसं मावत. ज्या काळात शिपाई तोंडाने पुडी फाडून नळीत दारू ओतत होते, म्हणजे आमच्या आजोबांचाच प्रकार, तेव्हा समोरचा दांडा हलवत सोळा बार काढतोय, याची धास्ती काय असेल! विंचेस्टर कंपनीच्या १८६६च्या रायफलीला बाजूने काडतूस सरकवायची झडप आली, मग १८७३ची प्रसिद्ध रायफल आली. मात्र मला ज्यात रस होता ती १८९२ची. ऑग्डेन, युटाहच्या जॉन ब्राउनिंगची रचना. तिचा किस्सा सांगतात तो असा. विंचेस्टरवाल्यांनी त्याला सांगितलं, हलकी नवी रायफल तीन महिन्यांत दिलीस तर १० हजार डॉलर, दोन महिन्यांत दिलीस तर १५ हजार. ब्राउनिंग म्हणाला, एका महिन्यात देतो, २० हजार द्या; उशीर झाला तर फुकट घ्या. आणि महिना भरायच्या आत दिली. किस्सा थोडा फुगवलेला असेलही, पण खिट्टीच्या दोन्ही बाजूंनी वर सरकणारे ते दोन उभे लोखंडी अडसर पाहिले की माणसाला स्वतःबद्दल एवढी खात्री का होती ते कळतं. सव्वाशे वर्षांनंतरही त्यात बदलण्यासारखं कुणाला फारसं सापडलेलं नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेचं प्रतीक म्हणून मिरवणारी ही बंदूक आज बरीचशी बनते परदेशात. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६मध्ये बंद झाला, आता त्या नावाच्या लीव्हर रायफली जपानमध्ये मिरोकू बनवते. ९२ची नक्कल रॉसी ब्राझीलमध्ये करते. मार्लिन ही दुसरी जुनी कंपनी आधी रेमिंग्टनकडे गेली, २०२०मध्ये रेमिंग्टनच बुडाल्यावर रुगरने विकत घेतली, आणि ती मात्र आता नॉर्थ कॅरोलायनात बनते. (आणखी एक गंमत: १८८०च्या काळातली गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटांतही काउबॉयच्या हाती सर्रास ही १८९२ची असते. आपल्या पौराणिक मालिकांतल्या झिपसारखं.)

आता निवड. सगळे आधी काडतूस ठरवायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये एक जुनी विंचेस्टर ९४ असते, थर्टी-थर्टीची. हे काडतूस १८९५पासून आहे आणि अमेरिकेत त्याने मारलेल्या हरणांची गणती कुणी करू नये. १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळी तोलायचं बारीक माप) गोळी सेकंदाला जवळपास २,४०० फुटांनी जाते. डुकराला भरपूर. पण पन्नास पावलांवर डबा उडवायला थर्टी-थर्टी म्हणजे पापड भाजायला भट्टी. खांदा दुखतो, आणि दर बाराला डॉलर-दीड डॉलर धूर होऊन जातो. दुसऱ्या टोकाला पॉइंट टूटू हे बारीकसं काडतूस. स्वस्त, गरीब, दिवसभर उडवा. पण अंगावर येणाऱ्या डुकरासमोर तिच्यावर भिस्त ठेवणं मला जमलं नसतं.

मधे थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम. मुळात रिव्हॉल्वरचं काडतूस, १९३५चं. ते १६ इंची नळीतून सुटलं की त्याचा स्वभावच बदलतो. चार इंची रिव्हॉल्वरमधून १५८ ग्रेनची गोळी सेकंदाला १,२०० फुटांच्या आसपास जाते, ती इथे १,७००-१,८००ला पोचते, कारण दारूला जळायला लांब नळी मिळते. शंभर यार्डांच्या आत डुकराला पुरेशी, त्यापुढे नाही. आणि आमच्या मेस्किटच्या जंगलात शंभर यार्डांपुढचं दिसतं कुणाला? पण मला खरा मोह पडला तो वेगळ्या गोष्टीचा. त्याच नळीत थर्टी-एट स्पेशल हे जुनं, थोडं आखूड काडतूसही चालतं. (उलट मात्र कधीच नाही.) थर्टी-एटची सावकाश जाणारी जड गोळी रायफलीतून सुटते तेव्हा आवाज मवाळ येतो आणि धक्का असा, की खांद्यावर कुणी थाप मारली असं वाटतं. म्हणजे एका बंदुकीत दोन बंदुका: शनिवारची आणि अडीअडचणीची. कानावर कर्णरक्षक दोन्हींना हवेतच.

फॉर्टी-फोर मॅग्नमही हातात घेऊन पाहिली. हलक्या बंदुकीत ती फार लाथा मारते, म्हणून परत ठेवली.

लांबीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. संघराज्याच्या कायद्याने रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड झाली की वेगळी नोंदणी, वेगळी भानगड. म्हणून सगळ्या आखूड रायफली सोळाच्या रेषेला टेकून उभ्या असतात. २० इंची नळीत दोन काडतुसं जास्त मावतात आणि बंदूक नेमाला स्थिर वाटते. पण माझी बंदूक फिरणार कुठे? पिकअपच्या सीटमागे आणि फाटकं उघडत-लावत खांद्यावर. हेन्री नावाच्या आजच्या कंपनीची, पितळी चौकटीची एक देखणी रायफल होती, अगदी घासून ठेवलेल्या समईसारखी. उचलली तर आठ पौंडांच्या पुढे. ती भिंतीवर लावून रोज बघावी. मार्लिन साडेसहा पौंडांची, गुळगुळीत, आणि किमतीलाही भारी. रॉसीची ९२, १६ इंची, एकूण लांबी सुमारे ३४ इंच, वजन जेमतेम पाच पौंड. छत्रीपेक्षा थोडी जड. पोटात आठ काडतुसं आणि नळीत एक.

लेकीचा प्रश्न कुठल्याच जाहिरातीत नव्हता. ती डावरी आहे. खिट्टी हाताने ओढायच्या बहुतेक रायफली उजवऱ्यांसाठी केलेल्या असतात, दांडी उजव्या अंगाला. लीव्हर मधोमध, तिला डावं-उजवं नाही. मार्लिनमधून रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, म्हणजे डावऱ्याच्या तोंडासमोरून जातं. ९२मधून ते सरळ वर उडतं. तोटा असा की ते कधीकधी तापलेलं, कॉलरमध्ये येऊन पडतं. लेकीने पहिल्याच दिवशी एक झेललं आणि नाचत नाचत शिवी घातली, ती मराठीत होती याचं मला कौतुक वाटलं.

वर उडण्याचा दुसरा तोटा म्हणजे ९२वर दुर्बीण बसवणं कठीण, नेमकी जागा काडतुसाच्या वाटेत. माझं वय ४७. नळीच्या टोकाला असते ती माशी, मागे असते ती खाच, आणि तिसरं लक्ष्य. तिन्ही एका ओळीत आणायची. विशीत डोळा हे करतो तेव्हा कष्ट कळत नाहीत. चाळिशी लागली की खाच धुक्यात जाते आणि माशी खरोखरच्या माशीसारखी थरथरते. चष्मा लावला तर माशी दिसते, डबा गायब. चष्मा काढला तर डबा दिसतो, माशी गायब. पंधरा दिवस मी या दोघांत येरझाऱ्या घातल्या. उपाय शेजाऱ्याने सांगितला: खाच काढून टाक, मागे भोकाची चकती बसव. मूठ वळून बारीक भोकातून पाहिलं की लांबची पाटी स्पष्ट होते, तोच न्याय. भोकातून बघायचं, भोकाकडे बघायचं नाही, डोळा आपोआप मध्य शोधतो. ४० डॉलरच्या लोखंडी तुकड्याने माझी वीस वर्षं परत केली.

खरेदीचं काय सांगू? काउंटरवरच एक फॉर्म भरायचा. नाव, जन्मस्थान, नागरिकत्व, गुन्हा, नशापाणी, मानसिक आजार, अशी प्रश्नावली. मग दुकानदार संघराज्याच्या यंत्रणेला विचारतो आणि उत्तर येतं. माझं वीस मिनिटांत आलं. ग्रीन कार्डवाल्यालाही हे चालतं. एच-१बी व्हिसावाल्याला एरवी मनाई आहे, पण शिकारीचा परवाना काढला की सवलत. त्यामुळे आमच्या ओळखीतला एक पक्का शाकाहारी पुणेकर केवळ नेमबाजीसाठी दरवर्षी हरणाचा परवाना काढतो. तिजोरी मी बंदुकीच्या आधी घेतली होती. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं टेक्ससमध्येही गुन्हा आहे, आणि नसता तरी बायकोची ती अट होती.

पहिले दोन महिने अंगठा सोलून निघाला. काडतूस बाजूच्या झडपेतून एकेक सरकवायचं, आणि नवी असताना झडपेची स्प्रिंग कडक असते. पुढे नळकांड्यात काडतुसं एकामागे एक उभी, प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. नाक टोकदार कडक असेल तर धक्क्याने पुढचं काडतूस आतल्या आतच उडायची भीती, म्हणून यातल्या गोळ्या चपट्या नाकाच्या. आणि लीव्हर ओढायची ती पूर्ण. भीत भीत, अर्धवट ओढली की काडतूस मधेच अडकतं. लेक हे माझ्याआधी शिकली. मी यंत्राला सांभाळून घेत होतो, ती नाही.

शेजाऱ्याने पोलादाची एक जाड चकती दिली, साखळीने टांगून किंचित खाली झुकवून, म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीकडे जावेत. मागे मातीचा उंच बांध. साठ यार्डांवरून थर्टी-एट लागली की ‘ठण्ण’ होतं, आणि तो आवाज थेट आमच्या गावच्या शाळेतला. तिथे घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगला होता, शिपाई त्यावर लोखंडी दांडा मारायचा. गोळी आणि आवाज यांच्यात एक पोकळ क्षण जातो. त्या क्षणात मला दर वेळी वाटतं की चुकलं.

डुकरांचं मात्र या बंदुकीने काही बिघडवलं नाही. ती रात्री येतात, मी तेव्हा झोपेत असतो. आणि दोनचार पुस्तिका वाचल्यावर कळलं की एखाददुसरं मारून उपयोगही नसतो. उरलेला कळप शहाणा होतो आणि जागा बदलून तेच करतो. अख्खा कळप एकदम पकडावा लागतो. शेजाऱ्याने ओहोळाजवळ जाळीचं मोठं कडं उभारलं, मका टाकला, कॅमेरा लावला आणि तीन आठवडे दार उघडंच ठेवून त्यांना जेवू घातलं. मग एका रात्री दार पडलं. आत नऊ होती.

त्याने पॉइंट टूटू आणली होती. जाळीला नळी लावून, एकेकाच्या कानामागे, एक बार, एक डुक्कर. घाई नाही, राग नाही. मी बॅटरी धरून उभा होतो, माझी ब्राझिली ९२ खांद्यावर. शेवटी मोठी मादी उरली, ती तोंड आमच्याकडे करून उभी राहिली. तो म्हणाला, ही तुझी.

मी थ्री-फिफ्टी-सेव्हन भरली होती. पाच पावलांवर चुकण्यासारखं काही नव्हतं. ती जागीच बसली. आणि नंतर लक्षात आलं की मी लीव्हर ओढून दुसरं काडतूस चढवलंही होतं. कधी, ते आठवत नाही. समोर काही उरलं नव्हतं, तरी हाताने आपलं काम करून ठेवलं होतं. आजोबांच्या हाताला ही सोय नव्हती. त्यांचा बार झाला की गज, बोळा, दारू, आणि तेवढ्यात सगळं रान शांत. मी घोडा अंगठ्याने हळूच उतरवला, चढलेलं काडतूस काढून खिशात टाकलं. उडालेलं रिकामं काडतूस गवतात कुठेतरी गेलं, बॅटरी मारूनही सापडलं नाही. सकाळीसुद्धा शोधलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “मग, लागली गरज?”

“एकदा,” मी म्हटलं.

ती हसली नाही. लेक आतून ओरडली की या शनिवारी थर्टी-एट संपत आल्यात, दोन खोकी आणायला हवीत.

आईला मी बंदुकीचं बराच काळ सांगितलं नव्हतं. लेकीने व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं. आई चिडली नाही. तिने आधी डुकरांचं विचारलं, सागोती कोणी नेली ते विचारलं, आणि शेजाऱ्याने नेली म्हटल्यावर हळहळली. मग २०२४च्या नोव्हेंबरात, इथल्या मतदानाच्या आठवड्यात तिचा फोन आला. आमच्या जिल्ह्यात निवडणूक जाहीर झाली की शेतीसंरक्षणाच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. लहानपणी मी आजोबांबरोबर गेलेलो आहे. बंदूक गोणपाटात गुंडाळून, एसटीत दोन सीटच्या मधे उभी धरून. ठाण्याच्या भिंतीला टेकवलेल्या पंचवीस-तीस ठासणीच्या बंदुका आणि प्रत्येकीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. तेव्हाही तिथे तिघं म्हातारे, बंदूक परत मिळेपर्यंत डुकरं काय काय खातील याचा हिशेब करत बसलेले.

“थय निवडणूक इली मा?” आई म्हणाली. “मगे बंदूक जमा केलंस?”

मी म्हटलं, इथे जमा करावी लागत नाही.

“परवानो दाखवलंस तरी चलता?”

परवानाच लागत नाही, मी म्हटलं.

फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं लाइन तुटली.

“परवानो नाय? मगे ती तुझी म्हणान कोण सांगतलो?”

दुकानाची पावती आहे, मी म्हटलं.

“ती नीट सांभाळून ठेव,” आई म्हणाली.